भंगारात देण्यापूर्वी

शाळेच्या संगीतवर्गातील जुना सीडी प्लेअर भंगारात द्यावा, अशी सूचना पुढे आली आहे. त्याचा आवाज हल्ली खरखरतो, हे खरे. तथापि ही सूचना आम्हांस मान्य नाही.

सीडी १९८२ साली बाजारात आली. तिच्यावर नाद अंकरूपाने साठविलेला असतो: प्रत्येक वाहिनीसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा. यंत्र लेझरच्या किरणाने हे अंक वाचते व नंतर त्यांचे विद्युत्‌लहरींत रूपांतर करते. आमच्या यंत्राचा वाचनाचा भाग शाबूत आहे. बिघाड आहे तो रूपांतराच्या भागात. मग ते अंकच बाहेर काढून नव्या परिवर्तकाकडे का नेऊ नयेत?

त्याची सोय यंत्रातच आहे. फिलिप्सच्या 'एसएए ७२२०' या चिपच्या चौदाव्या पायावर डिजिटल संकेत तयार मिळतो. आमच्या यंत्रात हीच चिप आहे. उणीव आहे ती फक्त बाहेरच्या सॉकेटची. एक सॉकेट, दोनचार रेझिस्टर, एक चिमुकला ट्रान्सफॉर्मर आणि ७५ ओहमची केबल, एवढ्या साहित्यात काम भागते.

नवे यंत्र स्वस्तात मिळेल, असे कोणी म्हणेल. मिळेलही; परंतु डाख देताना जे शिकावयास मिळते, ते दुकानात विकत मिळत नाही. वीज तोडून, लेझरपासून डोळे जपून, गुरुजनांच्या देखरेखीखाली हे काम आम्हांस करू द्यावे. एका विषयात मागे पडलेल्या विद्यार्थ्यास कोणी शाळेतून काढीत नाही. यंत्रासही तोच न्याय मिळावा, एवढीच आमची विनंती.