साथ ओसरल्यानंतरची परीक्षा

कोरोनाच्या महामारीला प्रारंभ झाला, त्याला आता पाच वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. मुखपट्ट्या गेल्या, विलगीकरण कक्ष बंद झाले, टाळेबंदीच्या आठवणीही पुसट होऊ लागल्या. जगातील कोणत्या सरकारने ही आपत्ती उत्तम रीतीने हाताळली, या प्रश्नाचे उत्तर मात्र अजूनही ज्याच्या-त्याच्या राजकीय कलानुसार दिले जाते. भारताने साऱ्या जगाला मार्ग दाखविला, असे एक पक्ष म्हणतो; भारताइतके अपयश कोणाच्याच पदरी पडले नाही, असे दुसरा सांगतो. ही दोन्ही विधाने निवडणुकीच्या सभेत शोभून दिसतात, राष्ट्राच्या आत्मपरीक्षणाला त्यांचा उपयोग नाही. आमच्या मते अशा तुलनेचे निकष दोनच असू शकतात. पूर्वीच्या संकटातून ते शासन काय शिकून बसले होते, हा पहिला. आणि या संकटातून पुढच्यासाठी त्याने काय शिकून ठेवले, हा दुसरा.

जगाकडे या दृष्टीने पाहिले की अनेक भ्रम दूर होतात. चीनमध्ये सत्तेवर कोणाचाही अंकुश नाही. वुहानमधील डॉ. ली वेनलियांग यांनी डिसेंबर २०१९ च्या अखेरीस आपल्या सहकाऱ्यांना सावध केले, तेव्हा अफवा पसरविल्याचा ठपका ठेवून पोलिसांनी त्यांना समज दिली. ७ फेब्रुवारी २०२० रोजी त्याच रोगाने त्यांचा बळी घेतला. पुढे जवळपास तीन वर्षे चीनने आपल्या नागरिकांना कुलूपबंद ठेवले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये लोक रस्त्यावर उतरताच ते निर्बंध एकाएकी उठविले. सत्य दडपणारी राजवट कितीही समर्थ भासली, तरी तिची किंमत साऱ्या जगाला मोजावी लागते, हे येथे सिद्ध झाले. दुसरीकडे, लोकशाही असली म्हणजे शहाणपण आलेच, असेही नाही. ब्राझीलच्या अध्यक्षांनी या रोगाची किरकोळ फ्लू म्हणून संभावना केली. त्या देशात सात लाखांहून अधिक माणसे दगावली. अमेरिकेने वर्षभराच्या आत लस सिद्ध करण्याचा पराक्रम केला, पण जगातील सर्वांत संपन्न असलेल्या त्या देशात मृतांची नोंद अकरा लाखांच्या पुढे गेली. स्वीडनने कडक टाळेबंदी टाळली. त्यासाठी त्या देशाचे कौतुक करणारे हे विसरतात की, तेथील वृद्धाश्रमांत मृत्यूचे तांडव झाले आणि स्वीडनच्याच आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये वृद्धांच्या रक्षणात देश अपयशी ठरल्याचा निर्वाळा दिला.

या गर्दीत तैवानचे उदाहरण वेगळे आहे. २००३ मध्ये सार्सच्या साथीने त्या छोट्या देशाला हादरा दिला होता. त्यानंतर तेथे साथींसाठी मध्यवर्ती नियंत्रण व्यवस्था उभी राहिली आणि ती कागदावर पडून राहिली नाही. आरोग्य विम्याच्या कार्डावर प्रत्येकाला मुखपट्ट्यांचे समान वाटप झाले. देशव्यापी टाळेबंदी न करता, सुमारे दोन कोटी पस्तीस लाख लोकसंख्येच्या तैवानमध्ये २०२० या संपूर्ण वर्षात कोरोनाने केवळ सात मृत्यू झाले. पुढे २०२२ मध्ये साथ तेथेही पसरली, पण तेव्हा लस हाती होती. चीनच्या हट्टापायी ज्या देशाला जागतिक आरोग्य संघटनेचे सदस्यत्व नाही, त्याने ही कामगिरी करून दाखवावी, हे विशेष! दक्षिण कोरियाचेही तसेच. २०१५ मधील मर्सच्या साथीत तेथे चाचण्यांअभावी हाहाकार उडाला. त्यानंतर त्या देशाने कायदा बदलला आणि आणीबाणीत खासगी कंपन्यांच्या चाचणी-संचांना तातडीने मान्यता देण्याची तरतूद करून ठेवली. २०२० मध्ये तीच कामी आली.

आता भारताकडे वळू. साथीच्या संदर्भात आपल्याकडे राज्यकर्त्यांचा पूर्वानुभव होता तो १८९७ चा. त्या वर्षी इंग्रज सरकारने अवघ्या चार कलमांचा साथरोग कायदा केला. पुण्यात रँडच्या अमलाखाली गोरे सोजीर घराघरांत आणि देवघरांत घुसले. त्या जुलमातून चापेकर बंधूंचे अग्निदिव्य घडले आणि लोकमान्यांना राजद्रोहाखाली कारावास भोगावा लागला. तोच कायदा २०२० मध्येही आपल्या हाती होता, ही आपली पूर्वतयारी! त्या तुलनेत स्वतंत्र भारताने जे साधले, ते निःसंशय मोठे आहे. २०२० च्या प्रारंभी कोरोनाची चाचणी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतच होत होती. वर्षभरात देशात दोन हजारांहून अधिक प्रयोगशाळा कार्यरत झाल्या. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातही अशी प्रयोगशाळा उभी राहिली. ८० कोटी लोकांना विनामूल्य धान्य मिळाले. १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले आणि १७ जुलै २०२२ पर्यंत २०० कोटी मात्रा देऊन झाल्या. लशीसाठी कोणापुढे हात न पसरता आपण शेजाऱ्यांनाही ती पुरविली. ज्या पाश्चात्त्य वृत्तपत्रांनी आपल्या जळत्या चितांची छायाचित्रे पानपानभर छापली, त्यांना या कर्तृत्वासाठी तेवढी जागा सापडली नाही.

परंतु इतरांनी आपल्याला न्याय दिला नाही, म्हणून आपण आपल्या उणिवांकडे डोळेझाक करावी, हा राष्ट्रभक्तीचा मार्ग नव्हे. २४ मार्च २०२० च्या रात्री घोषित झालेल्या टाळेबंदीला चार तासांचा अवधी होता. परगावी राबणारा मजूर त्या हिशेबात कोठेच नव्हता. ८ मे २०२० रोजी पहाटे, आपल्याच मराठवाड्यात, करमाडजवळ रुळांवर विसावलेल्या सोळा मजुरांना मालगाडीने चिरडले. जालन्याहून ते पायी निघाले होते. घर मध्य प्रदेशात होते. एप्रिल-मे २०२१ च्या दुसऱ्या लाटेत प्राणवायूसाठी आप्तांची वणवण झाली, रेमडेसिव्हिरचा काळाबाजार झाला. देशातील सर्वाधिक मृत्यूंची नोंद महाराष्ट्रात झाली आणि तेव्हाचे राज्य सरकार केंद्राकडे बोट दाखविण्यात मग्न राहिले.

केंद्र-राज्य वादाइतकेच दोन राज्यांतील बेबनावाचेही मोल आपण मोजले. टाळेबंदीत पंजाबमधील सुमारे चार हजार भाविक नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वारात अडकून पडले. गुरू गोविंदसिंहांच्या या पुण्यभूमीत लंगरने त्यांना आसरा दिला, महिनाभर अन्न दिले. एप्रिलच्या अखेरीस ते बसगाड्यांनी परतले आणि त्यांपैकी हजाराहून अधिक जण बाधित आढळले. मग संसर्ग नांदेडात झाला की वाटेत, यावर महाराष्ट्र आणि पंजाब यांच्यात वाद रंगला. यात्रेकरूंची निघण्यापूर्वी काटेकोर चाचणी कोणी करायची, वाटेतील मुक्कामांची जबाबदारी कोणाची, याचा निर्णय आधीच झालेला असता, तर त्या श्रद्धाळूंच्या कपाळी कलंक लागला नसता. आषाढीची वारी असो वा कुंभमेळा, तीर्थयात्रा हा ज्या देशाचा प्राण आहे, त्या देशाकडे साथकाळातील यात्रेचे पक्के नियम असायलाच हवेत.

मृत्यूंच्या नोंदीचा प्रश्न तर अधिक गंभीर आहे. २०२१ मध्ये देशात कोरोनाने झालेले मृत्यू अधिकृतपणे साडेतीन लाखांहून कमी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत ४७ लाख अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज वर्तविला. गणिती प्रारूपावर बेतलेल्या त्या अंदाजाला भारत सरकारने आक्षेप घेतला, तो रास्तच होता. पण मे २०२५ मध्ये सरकारनेच प्रसिद्ध केलेल्या जन्म-मृत्यू नोंदणीनुसार २०२० मध्ये ८१ लाख, तर २०२१ मध्ये १ कोटी २ लाख मृत्यू नोंदले गेले. ही सारी वाढ कोरोनाची म्हणता येणार नाही, नोंदणीत सुधारणाही झाली आहे. तरीही एका वर्षात वाढलेल्या या २१ लाखांचा उलगडा व्हायला हवा, आणि तो परक्यांनी करण्याऐवजी आपण केला पाहिजे. आपल्या मृतांची मोजदाद हे आपले कर्तव्य आहे.

साथ ओसरल्यानंतर आपण काय शिकलो, याचे उत्तर नांदेडनेच दिले आणि ते विदारक आहे. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत तेथील शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात अर्भके होती. हिंगोली, परभणी, यवतमाळ, शिवाय तेलंगणाच्या सीमाभागातूनही येथे रुग्ण येतात. रिक्त पदे आणि औषधांचा तुटवडा यांची चर्चा झाली. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. एका खासदाराने अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करावयास लावले! ज्या राज्याने महामारी पाहिली, त्याच्या आरोग्य व्यवस्थेवरचा हा उपाय म्हणायचा काय? तेव्हा राज्यात आपल्या विचारांचे सरकार होते, म्हणून हा प्रश्न सौम्य होत नाही. उलट तो अधिक टोचला पाहिजे.

लातूरचा अनुभव मात्र आशा देणारा आहे. १९६६ मध्ये डॉ. अशोकराव कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे विवेकानंद रुग्णालय उभे केले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची धरणी दुभंगली, तेव्हा हे डॉक्टर आणि स्वयंसेवक मदतीला धावून जाऊ शकले, कारण सत्तावीस वर्षांची तयारी त्यांच्या पाठीशी होती. आपत्ती अचानक येते, सेवा अचानक उभी राहत नाही. समाजाला लागू पडणारा हा नियम शासनालाही तितकाच लागू आहे.

म्हणूनच आमची मागणी स्पष्ट आहे. ब्रिटनने महामारीची सार्वजनिक चौकशी चालविली आणि आपण भलत्याच साथीची तयारी करून बसलो होतो, असे जुलै २०२४ मधील पहिल्या अहवालात वाचले. न्यूझीलंडने आणि स्वीडननेही आयोग नेमले. भारतानेही निष्पक्ष राष्ट्रीय आयोग नेमावा. त्याचा हेतू कोणाला सुळी देण्याचा नसावा. टाळेबंदी, प्राणवायू, स्थलांतरित मजूर, यात्रा आणि मृत्यूनोंद या प्रत्येक बाबतीत काय साधले व काय चुकले, याचा लेखी वारसा पुढच्या पिढीच्या हाती पडावा. त्याचबरोबर राज्य शासनाने मराठवाड्यातील रुग्णालयांची रिक्त पदे भरण्याची मुदत जाहीर करावी. कर्तृत्वाचा अभिमान बाळगणाऱ्या राष्ट्राला चौकशीचे भय वाटण्याचे कारण नाही. पुढची साथ येईल तेव्हा ती आपल्या घोषणा ऐकणार नाही. नांदेडच्या रुग्णालयात त्या रात्री किती परिचारिका कामावर आहेत, तेवढेच ती पाहील.