फोटोतले दाणे पुसताना

स्नेहसंमेलनाचे फोटो रात्री कमी उजेडात, आयएसओ ३२०० वर काढले की त्यात दाणे दिसणारच. मग आपण काय करतो? नॉइज रिडक्शनची पट्टी शेवटपर्यंत ओढतो. दाणे जातात, पण त्यांच्यासोबत मुलांच्या पापण्या, केस, नऊवारीची जरसुद्धा जाते. चेहरे मेणाचे वाटतात. माझं स्पष्ट मत आहे, असं करू नका.

रॉ फाइल डार्कटेबलसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडा. फोटो १०० टक्के आकारात बघा. आधी रंगीत ठिपके घालवा. त्याने बारकावे फारसे बिघडत नाहीत. काळे-पांढरे दाणे मात्र थोडे राहू द्या. पालकांना गुळगुळीत फोटो नको असतो, त्यात आपलं लेकरू दिसायला हवं असतं.