धूर कोणाच्या माथी?

अब्बांच्या डिझेल गाडीची नोंदणी २०१२ ची. गेल्या पावसाळ्यापासून ती निळसर धूर सोडू लागली. मिस्त्रीने इंजिन उघडावं लागेल असं सांगितलं; खर्च ७२ हजार. एजंटाने वेगळाच उपाय सुचवला : जाड ऑइल टाका, महिनाभर धूर दिसणार नाही, तेवढ्यात गिऱ्हाईक लावून देतो.

आपल्यापैकी अनेकांच्या दारात अशी गाडी उभी आहे. त्या काळी डिझेल अनुदानामुळे पेट्रोलपेक्षा बरंच स्वस्त होतं. ऑक्टोबर २०१४ मध्ये त्याचे दर नियंत्रणमुक्त झाले. गाड्या मात्र राहिल्या, आणि आता त्या म्हाताऱ्या झाल्या.

दुरुस्त करायची की विकायची, हे ठरवण्याआधी बिघाड ओळखा. काळा धूर असेल तर हवा कमी किंवा डिझेल जास्त जातंय; फिल्टर, टर्बोचा पाइप, इंजेक्टर तपासा. काम थोडक्यात आटपू शकतं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. मग कॉम्प्रेशन तपासून घ्या आणि दुसऱ्या मिस्त्रीलाही दाखवा. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात चूक कुठे आहे हे न बघता सगळा प्रोग्राम नव्याने लिहायला बसणाऱ्याला कोणी शहाणं म्हणत नाही.

मग हिशोब. "गाडी दीड लाखाची, खर्च ७२ हजारांचा" ही तुलना फसवी आहे. गाडी किती पळते ते बघा. २०२७ मध्ये आमच्या गाडीला १५ वर्षं पूर्ण होतात. त्यानंतर फिटनेस तपासणी, नव्याने नोंदणी. म्हणून खर्च दोन वर्षांवर वाटला : महिना ३ हजार. अब्बा आता महिन्याला ३०० किलोमीटर चालवतात, म्हणजे डिझेल सोडून किलोमीटरला १० रुपये. रोज ५० किलोमीटर जाणाऱ्याला हाच खर्च किलोमीटरला २ रुपये पडेल. त्याने खुशाल दुरुस्त करावी. नवी गाडी घेण्याची घाईही नको. ६ लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता १२,६०० च्या आसपास, आणि व्याजच दीड लाखावर जातं. व्याज टाळू पाहणाऱ्या घरात तर जुनी गाडी सांभाळण्याला आणखी एक कारण आहे.

आमचा हिशोब विकण्याकडे झुकला. खरी परीक्षा तिथून सुरू झाली.

बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा दाखवणाऱ्या पैगंबरांची (स.) हकिकत आपण लहानपणापासून ऐकतो. ओलं धान्य वर का ठेवलं नाहीस, असं त्यांनी विक्रेत्याला विचारलं होतं. जाड ऑइल म्हणजे तेच ओलं धान्य खाली दडपणं. घेणारा बहुधा आपल्यासारखाच, पै-पै साठवून पहिली गाडी घेणारा असतो. आणि धूर काही विक्रीबरोबर नाहीसा होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच डिझेलच्या धुराला कर्करोगकारक ठरवलं आहे. तो कुठल्या तरी मोहल्ल्यातल्या मुलांच्या छातीत जाणारच.

आम्ही बिघाड कागदावर लिहून दिला आणि गाडी एका गॅरेजवाल्याला विकली. तो स्वतः इंजिन बांधणार आहे. एजंटाच्या भावापेक्षा ४० हजार कमी आले. अब्बा दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बरं झालं. रस्त्यात तो माणूस भेटला तर तोंड लपवायला नको."

शेवटचं काम आरटीओचं. फॉर्म २९ आणि ३० भरा, १४ दिवसांत विक्री कळवा, नाव बदललं का ते स्वतः तपासा. अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदणीत ज्याचं नाव आहे त्याच्यावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे.

दुरुस्त करा किंवा विका. दोन्ही योग्य असू शकतं. आपलं बिल दुसऱ्याच्या माथी मारणं तेवढं योग्य नाही.