रोग रेड्याला, औषध पखालीला

वाहन वेगात असताना जे दोष झाकलेले राहतात, ते वाहन उभे राहिले की उघडे पडतात. सिग्नलपाशी ॲक्सिलरेटरवरून पाय निघताच स्टिअरिंग थरथरू लागते, आसनातून धक्के जाणवतात आणि मालक गॅरेजची वाट धरतो. पुढे जे घडते, ते पुष्कळदा ठरावीक असते. प्रथम स्पार्क प्लग बदलले जातात. थरथर थांबत नाही म्हणून इंजेक्टर स्वच्छ होतात. मग नवी कॉइल येते आणि त्यानंतर माउंटिंग. चौथ्या फेरीत दोष गेला, तरी पहिल्या तीन फेऱ्यांचा खर्च परत मिळत नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ही म्हण या व्यवहाराला तंतोतंत लागू पडते.

या अपव्ययाचे खापर सामान्यतः मेकॅनिकच्या माथी फोडले जाते. ते पूर्णतः न्याय्य नाही. सुट्या भागाची किंमत ग्राहक मुकाट्याने देतो. मात्र केवळ दोष शोधण्याची मजुरी मागितली, की ‘नुसते पाहायचे कसले पैसे?’ असा प्रश्न विचारतो. ज्या बाजारात निदानाला मोल नाही, त्या बाजारात निदान होत नाही. तेथे केवळ भाग विकले जातात.

वस्तुतः थरथरीचे निदान हे अंदाजाचे नव्हे, क्रमाचे काम आहे. १९८३ साली रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० पासून तीन सिलिंडरचे इंजिन भारतीय कुटुंबाच्या परिचयाचे आहे. असे इंजिन उभ्या गाडीत मिनिटाला सुमारे ८०० फेरे घेत असेल, तर त्यात सेकंदाला २० स्फोट होतात. रचनेमुळेच त्यात थोडी थरथर असते. ती दोष नव्हे. परंतु एक सिलिंडर पेट घेईनासा झाला, की दर दोन फेऱ्यांतून एक ठोका चुकतो, म्हणजे सेकंदाला सुमारे सात वेळा. म्हणूनच ‘मिसिंग’ची थरथर बारीक नसून तुटक धक्क्यांची असते आणि सायलेन्सरच्या आवाजाची लयही मोडते. याउलट आवाज एकसारखा असून केवळ गाडीचा सांगाडा गुणगुणत असेल, तर इंजिनापेक्षा त्याला तोलून धरणाऱ्या रबरी माउंटिंगवर संशय घेणे योग्य ठरते. पैसा खर्च करण्यापूर्वी कानाने करता येणारी ही पहिली विभागणी होय.

दुसरी कसोटी वेगाची. फेरे वाढवताच इंजिन सुरळीत होत असेल, तर थ्रॉटलच्या पुढच्या एखाद्या भेगाळलेल्या नळीतून हवा आत शिरत असण्याची शक्यता असते. उभ्या गाडीत इंजिन अत्यल्प हवा घेते, त्यामुळे लहानशी गळतीही तेथे मोठी ठरते. वेग वाढला, की तिचे प्रमाण नगण्य होते. थ्रॉटल बॉडीत साचलेला कार्बनही असाच प्रामुख्याने मंद फेऱ्यांत त्रास देतो. नळी तपासणे आणि कार्बन काढणे ही दोन्ही कामे नव्या इंजेक्टरच्या तुलनेत किरकोळ खर्चाची आहेत. त्यांचा क्रम म्हणूनच आधी लागला पाहिजे.

तिसरी कसोटी अदलाबदलीची. आधुनिक गाड्यांचा संगणक स्कॅनरवर संकेतांक दाखवतो. पी ०३०१ याचा अर्थ पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग आहे, एवढाच. कॉइल निकामी झाली आहे, असे तो म्हणत नाही. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असेल, तर पहिल्याची कॉइल दुसऱ्यावर बसवून पाहावी. संकेतांक पी ०३०२ झाला, तर दोषी सापडला. तो पहिल्यावरच राहिला, तर कॉइल निर्दोष ठरते आणि प्लग, इंजेक्टर व शेवटी कॉम्प्रेशन असा शोध पुढे नेता येतो. या परीक्षेला एकही नवा भाग लागत नाही. लागतो तो थोडा वेळ आणि थोडी सचोटी. स्कॅनर हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे.

इलेक्ट्रॉनिक यंत्रणा गुंतागुंतीची असल्याने काही प्रसंगी भाग बदलून पाहण्यावाचून गत्यंतर नसते, हा मेकॅनिकांचा युक्तिवाद अगदीच निराधार नाही. अधूनमधून प्रकटणारा दोष भल्याभल्यांना चकवतो. तथापि तो शेवटचा उपाय असावा, पहिला नव्हे. तसेच निदानाचा आग्रह म्हणजे दिरंगाईही नव्हे. मिसिंग होणाऱ्या सिलिंडरमधील न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपर्यंत पोहोचते, तेथे जळून त्याला अतितप्त करते आणि किरकोळ दुरुस्तीचे रूपांतर मोठ्या खर्चात करते. इंजिनाचा इशारादिवा लुकलुकत असेल, तर गाडी तशीच दामटणे महागात पडते.

येथे ग्राहकाचे कर्तव्य स्पष्ट होते. दोष कधी जाणवतो, थंड इंजिनात की तापल्यावर, एसी लावल्यावर की एरवीही, याची नोंद त्याने सांगावी. भाग बदलण्यापूर्वी ‘हाच दोषी कशावरून?’ असे विचारावे, काढलेला जुना भाग पाहावा आणि बिल अवश्य घ्यावे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, निदानाची मजुरी त्याने आनंदाने द्यावी.

कागदपत्रांच्या छाननीविना कोणतेही वाहनकर्ज मंजूर होत नाही आणि त्या छाननीला कोणी वायफळ म्हणत नाही. त्याच कर्जातून घेतलेल्या गाडीवर पुढे होणारा खर्च मात्र बिनछाननी मंजूर होतो. कान लावून दोष ओळखणारा कारागीर आजही गल्लोगल्ली आहे. त्याच्या ज्ञानाला दाम मिळाले, तरच ते टिकेल. अन्यथा उरतील ती केवळ सुट्या भागांची दुकाने.