समुद्रकाठचे घर आणि आडनावाची चौकशी

उन्हाळ्याची सुट्टी लागली म्हणजे बदलीचे हुकूम निघतात आणि जूनमध्ये मुलांच्या शाळा सुरू होण्यापूर्वी नव्या शहरात बिऱ्हाड थाटण्याची धावपळ सुरू होते. विदर्भ-मराठवाड्यातून मुंबईस बदलून येणाऱ्यांत आपल्या समाजातील सुशिक्षित नोकरदार असतातच. बापाने खेड्यात विहिरीपासून दूर उभे राहून पाणी मागितले; मुलगा बँकेत, विमा कचेरीत किंवा महाविद्यालयात अधिकारपदावर आहे. समुद्राजवळ घर मिळावे, मुलांना संध्याकाळी वाळूवर खेळता यावे, म्हाताऱ्या आईला मोकळी हवा लाभावी, अशी त्याची इच्छा असते. ही इच्छा म्हणजे चैन, असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. गावाच्या पूर्वेला, वारा ज्या दिशेला वाहून जाईल त्या दिशेला, ज्यांची घरे शतकानुशतके ठेवण्यात आली, त्यांनी स्वच्छ वाऱ्याची अपेक्षा धरली तर त्यात गैर काय आहे?

परंतु हा गृहस्थ दलालाकडे गेला म्हणजे काय घडते ते पाहावे. भाडे किती देऊ शकाल, हा पहिला प्रश्न. तो रास्त आहे. दुसरा प्रश्न, आडनाव काय? आडनावावरून जात उमगली नाही तर तिसरा, मूळ गाव कोणते? आणि चौथा, खाणेपिणे कसे, शाकाहारी की मांसाहारी? यानंतर दलाल मोठ्या सौजन्याने सांगतो, "साहेब, ही फॅमिली सोसायटी आहे. चांगली माणसे राहतात. तुम्हाला दुसरीकडे दाखवतो."

या "फॅमिली सोसायटी" शब्दाचा अर्थ नीट समजून घेणे प्राप्त आहे. ज्याला सांगितले जाते त्याच्या सोबत बायको आहे, दोन मुले आहेत, वृद्ध आई आहे. याहून अधिक कुटुंबवत्सल माणूस कोठून आणावयाचा? तेव्हा येथे कुटुंब या शब्दाचा अर्थ कुटुंब असा नसून आमच्यासारखे कुटुंब असा आहे, आणि चांगली माणसे याचा अर्थ आमच्या जातीच्या पायरीवरील माणसे असा आहे. पूर्वी हेच उघड शब्दांत बोलले जाई. आता कायद्याची भीती आहे, आणि नव्या युगात वावरत असल्याचा आवही आणावयाचा असतो, म्हणून सोवळ्याला इंग्रजी शब्दाचे धोतर नेसविले आहे, इतकेच.

शाकाहाराची सबब तर समुद्रकाठी विशेष हास्यास्पद ठरते. वरळी, माहीम, वेसावे येथील कोळीवाडे या इमारतींपूर्वी कितीतरी पिढ्या तेथे आहेत. ज्या किनाऱ्याचे देखावे दाखवून दलाल भाडे वाढवितो, तो किनारा मासळी वाळविणाऱ्या माणसांचा आहे. यांना समुद्र पाहिजे, पण मासळी नको. खिडकीतून होड्या दिसाव्यात, पण होडीवाला जिन्यात दिसू नये! स्वतःच्या ताटात काय वाढावयाचे हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. शेजाऱ्याच्या ताटात काय आहे ते पाहून त्याला छप्पर नाकारण्याचा अधिकार त्यातून निर्माण होत नाही.

हे सारे माझ्या कल्पनेतील आहे असे कोणास वाटेल. सुखदेव थोरात व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली, फरीदाबाद, गाझियाबाद, गुडगाव व नोएडा या शहरांत भाड्याच्या घरांची पाहणी केली. ती २०१५ साली प्रसिद्ध झाली. एकाच प्रकारच्या घरासाठी निरनिराळ्या समाजांच्या नावांनी दूरध्वनीवरून विचारणा करण्यात आली. उच्चवर्णीय हिंदू नावाला नकार जवळजवळ मिळालाच नाही. दलित नावाला सुमारे १८ टक्के आणि मुसलमान नावाला सुमारे ३१ टक्के ठिकाणी नकार मिळाला. पाहणी मुंबईची नाही हे खरे. पण मुंबई त्याहून उदार आहे असा समज ज्यांचा असेल, त्यांनी आपले खरे नाव सांगून एक आठवडा घर शोधून पाहावे.

आता या लेखाच्या मुख्य विषयाकडे येतो. माझी तक्रार केवळ दलालाविरुद्ध नाही. ती आपल्यांतील त्या शहाण्या सल्लागारांविरुद्ध आहे, जे नवागताला सांगतात : "आडनाव सांगू नका. गावाचे नाव पुढे जोडा. घर ताब्यात येईपर्यंत बाबासाहेबांची तसबीर व बुद्धमूर्ती पेटीत ठेवा. मुलांना शिकवून ठेवा की कोणी विचारले तर गप्प बसा." हा सल्ला व्यवहारचातुर्य म्हणून दिला जातो, आणि देणारे बहुधा आपल्यांतील पदवीधर असतात, ही गोष्ट मला अधिक लागते.

या सल्लागारांना मी बडोद्याची आठवण देतो. १९१७ साली कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीसाठी त्या शहरात गेले, तेव्हा त्यांना हिंदूंच्या वस्तीत जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव लिहून त्यांनी आश्रय घेतला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. ही हकीकत त्यांनीच लिहून ठेविली आहे. त्या काळी ना संविधान होते, ना कोणता कायदा, ना पाठीशी संघटित समाज. त्या एकाकी तरुणापुढे दुसरा मार्ग नव्हता. तरी खोटे नाव त्यांना बारा दिवसही निवारा देऊ शकले नाही. मग त्याच मुंबईतील त्यांचे दुसरे घर पाहा. दादरच्या हिंदू कॉलनीत, जेथे उच्चवर्णीयांची वस्ती होती तेथे, १९३० नंतरच्या वर्षांत त्यांनी "राजगृह" बांधले, स्वतःच्या नावाने, आणि ते ग्रंथांनी भरले. आपल्या सल्लागारांनी या दोन घरांपैकी पहिल्याचा कित्ता गिरवावयाचे ठरविलेले दिसते.

नाव लपवून मिळालेल्या घरात कुटुंबाचे काय होते? मुलगा जिन्यात मित्रांबरोबर खेळतो, पण चौदा एप्रिलला तो कोठे जातो हे सांगावयाचे नाही. आजीने वंदना हळू आवाजात म्हणावयाची. गावाकडचा चुलता आला तर त्याने बोलताना "जयभीम" म्हणू नये म्हणून त्याला दारातच खूण करावयाची. अशा घरात समुद्राचा वारा येत असेल. पण ज्या मुलाला आपल्या बापाच्या नावाची भीती शिकविली गेली, त्याला ती वस्ती चांगली कशी म्हणावयाची? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोकांनी उघड्या मैदानात धम्मदीक्षा घेतली, ती कपाटात ठेवण्यासाठी नव्हे.

दुसरा पक्ष याच्या उलट टोकाला जातो. तो म्हणतो, परक्यांच्या दारात कशाला जावे? आपल्या वस्तीत राहावे. आपल्या वस्त्यांविषयी मला अनादर नाही. वरळीच्या बी.डी.डी. चाळी समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहेत. १९२० नंतरच्या दशकात बांधलेल्या त्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांतून आपली चळवळ वाढली, आणि १९७४ च्या दंगलीत तेथील तरुणांनी मारही खाल्ला. आज त्यांच्या जागी ५०० चौरस फुटांची घरे उभी राहत आहेत. तेथे कोणी आपखुशीने राहील तर उत्तमच. पण आपखुशीने राहणे निराळे आणि दुसरीकडे दार बंद म्हणून राहणे निराळे. दुसऱ्या प्रकाराला गावाकडे एक जुने नाव आहे व ते प्रत्येक वाचकास ठाऊक आहे.

"घर आमचे, कोणास द्यावयाचे ते आम्ही ठरवू," या युक्तिवादाचा विचार वकील या नात्याने करतो. संविधानाच्या अनुच्छेद १९ ने भारताच्या कोणत्याही भागात राहण्याचा व स्थायिक होण्याचा हक्क नागरिकास दिला आहे. हा हक्क मुख्यतः राज्यसंस्थेविरुद्ध आहे, असे उत्तर मिळेल. ठीक. पण अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात दुकानांचा उल्लेख आहे, आणि २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खुलासा केला होता की, दुकान हा शब्द केवळ आत शिरण्यापुरता नसून, जो कोणी आपली सेवा लोकांस देऊ करतो त्याच्याकडून ती मिळण्याच्या व्यापक अर्थाने घ्यावयाचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली हाच व्यापक अर्थ स्वीकारला. रस्त्यावर पाटी लावून घरे दाखविणारा दलाल या अर्थाच्या बाहेर कसा राहतो, हे त्याच्या वकिलाने सांगावे.

यावर प्रतिपक्ष २००५ चा निकाल पुढे करतो. अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेने सभासदत्व पारशांपुरते ठेवणारा उपविधी केला होता आणि सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला. हा निकाल मला मान्य नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ सालीच, काळ्या लोकांना घर न विकण्याचे करार न्यायालये अंमलात आणणार नाहीत, असे सांगितले. १९६८ साली तेथे कायदा झाला आणि वंश वा धर्म पाहून घर देण्याची जाहिरात करणेही गुन्हा नाही तरी बेकायदा ठरले. १९८८ साली तर मुले असलेल्या कुटुंबांनाही त्या कायद्याचे संरक्षण मिळाले. कुटुंबाचा कैवार कायद्याने घ्यावयाचा तो असा. आपण त्यांच्याहून सत्तावन्न वर्षांनी उलट दिशेला गेलो. तथापि त्या निकालाचा आश्रय घेणाऱ्यांनी तो वाचलेला नसतो. तेथे नोंदणी झालेला लेखी उपविधी होता. आपल्या गृहस्थाला नकार देणाऱ्या संस्थेजवळ असा उपविधी बहुधा नसतोच. तेथे असतो फक्त सचिवाचा तोंडी निरोप. त्या निरोपाला २००५ च्या निकालाचे छत्र नाही.

उलट नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ याच्या कलम ४ मध्ये, कोणत्याही वस्तीत राहती जागा बांधणे, संपादन करणे किंवा तिचा भोगवटा करणे, याबाबत अस्पृश्यतेच्या कारणावरून अडथळा आणणे हा गुन्हा स्पष्ट शब्दांत लिहिलेला आहे. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि दंड. गुन्हा दखलपात्र आहे. कलम १२ प्रमाणे पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असल्यास कृत्य अस्पृश्यतेपोटीच झाले असे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते हे सिद्ध करण्याचे ओझे नाकारणाऱ्यावर आहे. आणि "तुम्ही तर बौद्ध झालात" असे म्हणणाऱ्या अंमलदाराला १९९० ची दुरुस्ती दाखवावी. तिने बौद्धांस अनुसूचित जातींच्या आदेशात समाविष्ट केले आहे.

तेव्हा बदलून येणाऱ्या बांधवांनी घर शोधताना काय पाहावे? पाऊस पाहावा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. भरतीच्या वेळी पावसाचे पाणी समुद्रात उतरत नाही आणि हिंदमातेसारखे सखल भाग तुंबतात, म्हणून तळमजला घेण्यापूर्वी जुन्या शेजाऱ्यास विचारावे. स्टेशन, शाळा, इस्पितळ पायी किती, हे स्वतः चालून पाहावे. खारी हवा लोखंड व गिलावा खाते, तेव्हा इमारतीची दुरुस्ती केव्हा झाली तेही विचारावे. करारनामा लेखी व नोंदणीकृत असावा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे ती जबाबदारी घरमालकाची आहे. आणि पहिल्याच भेटीत आपले पूर्ण नाव, न विचारता, सांगावे. ज्या चेहऱ्यावर त्यानंतर फरक पडणार नाही, तेथे मुले घेऊन जावे, मग खिडकीतून समुद्र अर्धाच दिसला तरी चालेल. सहा डिसेंबरला चैत्यभूमीकडे जाणाऱ्या माणसांविषयी त्या जिन्यात काय बोलले जाते, हेही कान देऊन ऐकावे. त्यावरून पुष्कळ कळते.

नकार मिळाल्यास वाद घालीत बसू नये. त्याच दिवशी संस्थेच्या सचिवास, दलालास आणि घरमालकास स्पीड पोस्टाने पत्र लिहावे : अमुक तारखेस अमुक घरासाठी आलो, भाडे मान्य होते, नाव सांगितल्यावर नकार मिळाला, कारण लेखी कळवावे. दूरध्वनीवरील संदेश पुसू नयेत. सोबत गेलेल्या माणसाचे नाव लिहून ठेवावे. उत्तर येवो वा न येवो, पत्राची प्रत व पोचपावती, जातीच्या दाखल्याच्या प्रतीसह, पोलीस ठाण्यात द्यावयाच्या फिर्यादीस जोडावी.