मागणीपत्रकात न सापडणारी मुले

गेल्या महिन्यात आमच्या शाखेतील एका ट्रॅकमनची मुलगी युनियन ऑफिसात आली. विद्यापीठात शिक्षणशास्त्रात एम. ए. करते, शाळांमधील विषमता हा तिचा विषय. "काका, आपल्या मागणीपत्रकात शाळेबद्दल काय आहे?" मी मुलांच्या शिक्षण भत्त्याची मागणी दाखवली. ती म्हणाली, "हे कायम कामगारांसाठी. फलाट झाडणाऱ्या कंत्राटी बायकांची मुले कुठे शिकतात?" मला सांगता आले नाही.

बदली होणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी १९६३ पासून केंद्रीय विद्यालये निघाली. भुसावळहून इटारसीला बदली झाली तरी पोराचा अभ्यासक्रम तोच राहतो. ही सोय टिकलीच पाहिजे. पण आपली मुले बाहेर पडली तशी वसाहतीजवळची नगरपालिकेची शाळा रोडावली, हेही खरे. तिथे शिक्षकाची जागा रिकामी राहिली तर मोर्चा कोण नेणार? आपण नेला नाही. मीही नाही.

कोठारी आयोगाने (१९६४-६६) सर्वांना समान शाळा आणि शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च सुचवला होता. तो आकडा आजवर गाठलेला नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खाजगी शाळांत दुर्बल घटकांना २५ टक्के जागा दिल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खाजगी विनाअनुदानित शाळेला त्यातून सूट दिली. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती सूट रद्द केली. त्या काळात आमच्या शाखेत साधा निषेधाचा ठरावही झाला नाही.

मुलीचे म्हणणे, २५ टक्के ही मलमपट्टी आहे. शेजारची सरकारी शाळा सुधारा. मला दोन्ही हवे. शाळा सुधारायला वर्षे लागतील, सहा वर्षांचे पोर तोवर थांबत नाही.

कायद्याने सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सभासद पालक असतात. म्हणजे या कंत्राटी बायकांना तिथे बसण्याचा हक्क आहे. सभेत तोंड कसे उघडायचे, कागद कसा मागायचा, हे आपण त्यांना शिकवू शकतो.

कोणी म्हणेल, त्या आपल्या सभासद नाहीत. मग करून घ्या! पुढच्या शाखा-सभेत मी तसा ठराव मांडणार आहे. प्रवेशाचे ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे काम त्या मुलीने अंगावर घेतले आहे. खोली आणि संगणक युनियनचा.