बिऱ्हाडकरूची फिर्याद

दिवाळीत पाहुणे येतात, फराळाची ताटे पुढे होतात, आणि चकलीचा पहिला तुकडा मोडायच्या आत कोणीतरी विचारतोच, "काय हो, अजून भाड्यानेच का?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. एखाद्याला "तुमचा खोकला अजून गेला नाही वाटते?" असे विचारावे, तशाच मायेने तो विचारतो. पण भाड्याने राहणे हा खोकला आहे, असे त्याने गृहीत धरलेले असते. माझी फिर्याद आहे ती या गृहीताविरुद्ध.

मी पुण्यात तीस-एक वर्षे नोकरी केली आणि सात बिऱ्हाडे केली. सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांपासून वारज्याच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत आमची तुळस सात वेळा टेम्पोत बसली. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात. पण विंचवाला निदान अनामत रक्कम भरावी लागत नाही. तेव्हा भाडेकरूचे सुख मी रंगवून सांगतो आहे, असे कोणी समजू नये. त्याचे दुःखही मी पुढे सांगणारच आहे.

यंदा दसऱ्याच्या आधी चिरंजीव घरी आले. त्यांची नोकरी हिंजवडीला. साठ लाखांचा एक फ्लॅट त्यांनी पाहून ठेवला होता. इमारत अजून उभी राहत होती. दसऱ्याच्या मुहूर्तावर नोंदणी केली तर स्वयंपाकघराचे फर्निचर फुकट मिळणार होते. माझ्या निवृत्तीच्या पैशांतून काही मिळेल का, असे त्यांनी खाली मान घालून विचारले. मी कागद-पेन्सिल घेतली.

अशा रकमेच्या घराला बँक फार तर ऐंशी टक्के कर्ज देते, म्हणजे 48 लाख. वरचे 12 लाख आपले. त्याशिवाय पुणे शहरात मुद्रांक शुल्क वगैरे 7 टक्के, म्हणजे 4 लाख 20 हजार. नोंदणी फी 30 हजार. आणि बांधकाम चालू असलेल्या घरावर वस्तू व सेवा कर 5 टक्के, म्हणजे 3 लाख. हे साडेसात लाख एकाही विटेत जात नाहीत. उरलेल्या 48 लाखांना साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांचा हप्ता बसतो महिना 41 हजार 655 रुपये. एकूण फेड जवळजवळ एक कोटी. पहिल्या हप्त्यात व्याज 34 हजार आणि मुद्दल साडेसात हजारांच्या आसपास.

आता, चिरंजीव राहतात त्या तशाच जागेचे भाडे आहे 18 हजार. "भाडे म्हणजे पाण्यात गेलेला पैसा" असे आमचे साडू नेहमी म्हणतात. ठीक आहे, 18 हजार पाण्यात गेले. मग व्याजाचे 34 हजार कुठे गेले? ते काय देव्हाऱ्यात ठेवले आहेत? ऋण काढून सण करू नये, हे आपल्या वाडवडिलांनी सांगितले. आपण सणाच्या दिवशी मुहूर्त पाहून ऋण काढतो आणि वर पेढे वाटतो!

यावर साडू म्हणतात, भाडे दरवर्षी वाढते, हप्ता वाढत नाही. हप्ताही वाढतो. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर 4 टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर नेला, तेव्हा कितीतरी संसारांत हप्ता तरी वाढला, नाहीतर मुदत तरी लांबली. साडू म्हणतात, जागेचा भाव वाढतो. वाढतो खरा. पण राहते घर विकून माणूस राहणार कुठे? दुसरे घर घ्यायचे तर त्याचाही भाव वाढलेलाच असतो.

पण एक गोष्ट साडूंना बोलता आली नाही, ती मीच सांगतो. 2011 साली आई अंथरुणाला खिळलेली असताना आमच्या त्या वेळच्या घरमालकांनी निरोप पाठवला, करार संपला की जागा रिकामी करा, मुलगा येणार आहे. माणूस वाईट नव्हता. जागा त्याची होती. खुर्चीत बसवून चौघांनी आईला दोन मजले उतरवले. नव्या जागेत ती एकोणीस दिवस राहिली. रोज विचारायची, "आपल्या घरी कधी जायचं?" त्या एकोणीस रात्री मला घर हवे होते, कितीही व्याजाने, कसल्याही कर्जाने. तेव्हा कोणी कागद पुढे केला असता तर मी डोळे मिटून सही केली असती.

म्हणूनच मी म्हणतो की, माणूस विकत घेतो ते भिंती नव्हेत. "रिकामे करा" हे शब्द पुन्हा ऐकू येऊ नयेत, एवढ्यासाठी तो वीस वर्षे विकतो. आणि माझा खरा राग आहे तो इथे. ही निश्चिंती इतकी महाग का असावी?

त्याला इतिहास आहे. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी 1940 सालच्या पातळीवर बांधून टाकली. भाडेकरू सुरक्षित झाला. पण मालकाला दुरुस्तीचाही खर्च सुटेना. पागडी आली, भाड्यासाठी घरे बांधणे मंदावले, आणि मालकांच्या मनात कायमची धास्ती बसली. 1999 च्या कायद्याने लंबक दुसऱ्या टोकाला नेला. परवाना-कराराची मुदत संपल्यावर जागा सोडली नाही, तर भरपाई दुप्पट दराने.

आणि अकरा महिने! वर्षावरच्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागते, ती टाळावी म्हणून अकरा महिन्यांची ही चाल पडली. पण महाराष्ट्रात त्याच 1999 च्या कायद्याने कितीही मुदतीच्या कराराची नोंदणी सक्तीची केली. म्हणजे कारण गेले आणि सवय उरली. तीन वर्षांचा, पाच वर्षांचा करार करायला कायद्याची आडकाठी नाही. भाडेवाढ आधीच लिहून ठेवावी, निघण्याची सूचना सहा महिन्यांची असावी. मालकाला भाडे, भाडेकरूला झोप. त्या वर्षी आमच्या करारात ही एक ओळ असती, तर आईला खुर्चीत बसवावे लागले नसते.

चिरंजीवांना मी सांगितले, "पैसे तुझेच आहेत. तुला त्या घरात राहावेसे वाटेल त्या दिवशी ने. पण फुकटच्या फर्निचरसाठी नको, आणि काकांच्या प्रश्नासाठी तर मुळीच नको." त्यांनी दसरा जाऊ दिला. पुढे घेतील, न घेतील. घेतले तर वास्तुशांतीला पहिल्या पंक्तीला मी बसेन.

आणि तुम्हा वाचकांकडे मागणे एवढेच. तुमची एखादी जागा भाड्याने असेल, तर या दिवाळीत करार थोडा लांब करा. जागा नसेल, तर निदान फराळाला आलेल्या पाहुण्याला तो प्रश्न विचारू नका. चकली खाऊ द्या. भाड्याच्या गॅलरीत टांगलेल्या आकाशकंदिलाचा उजेड काही अकरा महिन्यांच्या बोलीने पडत नाही.